सारवलेली भेग

परदेशी विद्यापीठाचे पाहुणे उतारावरच्या वाडीत, हौसाकाकूंच्या अंगणातून गेलेली डोंगराची भेग बघायला आले होते. दरडींच्या धोक्याचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम मंजूर होणार की नाही, ते आजच्या पाहणीवर ठरायचं होतं. पण प्राध्यापिका मृणालिनीबाईंसमोर होतं गुळगुळीत सारवलेलं अंगण.

"भेग कुठाय, हौसाकाकू?"

"लिंपली की काल सांजच्याला. पाव्हनं यायचं, अन् दारात भेग बरी दिसती व्हय?"

बाई चिडून खाली वाकल्या आणि तिथंच थिजल्या. कालच्या ताज्या सारवणाला बोट जाईल एवढी चीर पडली होती. डोंगर रात्रीत सरकला होता.

पाहणी मोडली तर मोडली. "काकू, वाडीतल्या सगळ्यांना घेऊन ओढ्यापलीकडच्या शाळेत चला. आत्ताच."

"अन् पाव्हन्यांचं जेवण?"

पाहुण्यांतल्या वयस्कर प्राध्यापकांना मराठी कळत नव्हतं, पण चीर कळली होती. त्यांनी काकूंच्या ओसरीवरच्या पाळण्यातलं बाळ आधीच उचललं होतं.