विहीर ओलांडणारा राउटर

"ह्या डब्याला तीन शिंगं आहेत आणि त्या डब्याला दोन, एवढं मलाही दिसतं," कृष्णाबाई म्हणाल्या. "चित्र अडकणार नाही असा कोणता, तेवढं सांगा."

माणिकपूरमधलं त्या सकाळचं हे तिसरं दुकान होतं. पहिल्या दुकानात त्यांना अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं होतं. दुसऱ्यात राउटर मागितला तर मोडेम पुढे केला होता. धाकटी सून रीमा पिशवी सांभाळत मागे उभी होती आणि तिचे पाय आता बोलू लागले होते.

"आजी, हा न्या," दुकानदार जितेंद्र म्हणाला. "तीनशे एमबीपीएस आहे."

"आजी घरी. इथे मी गिऱ्हाईक आहे. तीनशे म्हणजे काय?"

"स्पीड."

"गेल्या महिन्यात माझ्या नातीने नाचताना हात वर केला, तो खाली यायला सहा मिनिटं लागली. तुमच्या तीनशेने तो कधी खाली येईल?"

जितेंद्रने मदतीसाठी रीमाकडे पाहिलं. रीमाने सगळा खुलासा केला. मोठ्या दिरांची मुलगी क्षितिजा इंग्लंडात असते. परवा, रविवारी, तिचा रंगमंचावरचा पहिला नाच आहे. तिथली संस्था तो इंटरनेटवर थेट दाखवणार आहे, तोही हाय डेफिनिशनमध्ये. डॉक्टरांनी सासूबाईंना विमानप्रवासाची मनाई केली आहे आणि नातीला त्यांनी चार वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

"साडेचार वाजता," कृष्णाबाईंनी पुरवणी जोडली. "चार पस्तीसला चित्र येऊन चालणार नाही."

"पण लाइन किती एमबीची आहे?"

"ते मला ठाऊक नाही. बिल वेळच्या वेळी भरलं जातं, एवढं ठाऊक आहे."

रीमा दुकानाच्या छताकडे पाहू लागली.

"बरं, सध्याचा राउटर कसा आहे?"

"जुना. पूर्वेच्या खिडकीत असतो. पावसात भिजतो आणि त्याचं एक शिंग मोडलेलं आहे."

"आणि कॉम्प्युटर किती लांब?"

"चाळीस पावलं. मध्ये दोन भिंती, केळी आणि विहीर."

जितेंद्रने हातातला डबा खाली ठेवला. "चाळीस पावलं? अहो, मग राउटरच कॉम्प्युटरजवळ आणा ना!"

"राउटर आहे तिथेच राहील."

"पण का?"

"तुम्ही राउटर विकता की प्रश्न?"

जितेंद्रने कपाळावरचा घाम पुसला आणि माळ्यावरून एक मोठा खोका काढला. हा दोन भिंतींना दाद देणार नाही, विहीरही ओलांडेल, असं त्याने शपथेवर सांगितलं. कृष्णाबाईंनी खोका उघडायला लावला, शिंगं मोजली, ती घट्ट बसतात की नाही हे स्वतः फिरवून पाहिलं आणि मगच मान डोलावली.

"पासवर्ड काय ठेवू?"

"पासवर्ड ठेवायचा नाही."

"असं कसं? शेजारीपाजारी फुकटे लोक असतात. तुमची लाइन वापरतील आणि वर साळसूदपणे फिरतील."

रीमाला खोकल्याची उबळ आली. कृष्णाबाईंचा चेहरा मात्र हलला नाही.

"पासवर्ड ठेवायचा नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "बिल कार्मिन लोपीस, सांडोर, ह्या नावाने करा. उद्या सकाळी तिच्याच घरी नेऊन बसवा."

जितेंद्रचं पेन थांबलं. "आणि तुम्ही?"

"मी शेजारची."

नऊ वर्षांपूर्वी टेलिफोनचा खांब कृष्णाबाईंच्या केळीत उभा करायचा होता. एकही केळ तोडू देणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. कार्मिन त्यांना समजवायला आली, तेव्हा दोघींचे शब्द असे वाढले की त्यानंतर बोलणंच संपलं. तार कार्मिनच्या घरापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आता खांबासाठी अर्ज करणं म्हणजे कार्मिनचं खरं होतं असं कबूल करणं. ते कृष्णाबाईंच्या हातून होणं शक्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मोठ्या मुलाने लॅपटॉप आणून दिला आणि त्या लॅपटॉपने विहिरीपलीकडचं कार्मिनचं इंटरनेट आपलं आपण पकडलं. त्याबद्दल घरात कोणी कधी चर्चा केली नाही.

"राउटर कोणी दिला असं तिने विचारलं, तर लाइनच्या कंपनीने भेट दिला म्हणायचं," कृष्णाबाईंनी बजावलं. "माझं नाव तोंडातून निघालं, तर मी पुन्हा दुकानात येईन."

जितेंद्रने घाईने मान हलवली.

शनिवारी सकाळी तो सांडोरला पोचला तेव्हा कार्मिन ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने खोका उलटसुलट करून पाहिला.

"कंपनीने दिला म्हणतोस?"

"हो, भेट आहे."

"कंपनी दुकानात चालत आली होती की रिक्षाने? गुडघा दुखतो तिचा."

जितेंद्र खोका उघडू लागला.

"बरं, लाव लवकर. रीमा बाजारात सांगत होती, कंपनीच्या नातीचा नाच उद्या साडेचारला आहे."

त्याने मोडका राउटर उतरवला आणि नवा खिडकीत बसवला. हिरवे दिवे लागले. पासवर्ड ठेवायचा नाही, हे कार्मिननेही त्याने न विचारताच सांगितलं.

"आता तुमच्या कॉम्प्युटरवर चित्र लावून बघू," जितेंद्र म्हणाला. "कुठे ठेवलाय?"

"माझ्याकडे कॉम्प्युटर कुठला, बाळा?" कार्मिनने पुढची शेंग उचलली. "तो माझा मुलगा रुडॉल्फ दोन वर्षांपूर्वीच मस्कतला घेऊन गेला."