पत्र्याची होडी

मारिगोने दुकानाच्या कपाटातून पत्र्याचं बाळ काढून एवान्थियापुढं ठेवलं. बेटावर नवस असाच पत्र्यात बोलतात. डोळा दुखला तर पत्र्याचा डोळा, पाय मोडला तर पाय, माणूस दर्यावर असेल तर होडी, आणि ते देवळात मरियामातेच्या तसबिरीखाली टांगायचा. एवान्थियाची सून पोटुशी होती, तेव्हा विचारायचं ते काय?

"बाळ नको. होडी दे," एवान्थिया म्हणाली.

"तुझा म्हातारा तर कॉफीच्या दुकानात पत्ते कुटतोय," मारिगो म्हणाली. पण होडी निमूट कागदात गुंडाळून दिली.

पलीकडच्या किनाऱ्यावरून, जीव वाचवायला पळालेल्या माणसांनी खच्चून भरलेल्या होड्या येऊ लागल्या, तेव्हा कुठं सरकारने बेटावर एक डॉक्टरीण पाठवली. त्याआधी अडलेली बाई मोठ्या बोटीची वाट पाहायची, आणि थंडीच्या वाऱ्यात बोट यायचीच नाही. एवान्थियाचं पहिलं नातवंड तसंच, धक्क्यावर गेलं. आता होड्या आटल्या होत्या. होड्या नाहीत तर डॉक्टरीण कशाला, असं वरून कळवलं होतं. महिनाअखेरीला ती जाणार होती.

आपण काय मागतोय हे एवान्थियाला पुरतं ठाऊक होतं. थंडीने काळीनिळी पडलेली पोरं तिने स्वतःच्या हाताने कांबळ्यात गुंडाळली होती. तशीच आणखी पोरं पाण्यात पडावीत म्हणून ती देवाच्या दारी निघाली होती. तिला स्वतःची शिसारी आली, तरी पाय थांबले नाहीत.

देवळात तसबिरीखाली आधीच होड्या लटकत होत्या. कोऱ्या, चकचकीत. गावातल्या खऱ्या होड्या तर सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, हे तिला न सांगता कळत होतं. तिने आपली होडी त्यांच्यात अडकवली आणि कुणी पाहायच्या आत बाहेर पडली.

रविवारी त्या होड्या पापा-स्तमातिसच्या नजरेस पडल्या. पाद्री बेटावर नवा आणि मनाने भोळा. त्याला गहिवरून आलं.

"आपली इतकी माणसं दर्यावर आहेत आणि मला कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "नाव सांगा एकेकाचं. नाव घेऊन देवाकडे मागू, म्हणजे सुखरूप येतील."

तो पुढच्या रांगेतल्या एवान्थियाकडे वळला.

"एवान्थियामावशी, तुमच्यापासून सुरुवात करू. काय नाव?"

एवान्थियाने मान खाली घातली. तिला एकही नाव माहीत नव्हतं.