बसायचा त्रास

डॉक्टरने बोट दाखवताच म्हातारा लाकडी स्टुलावर बसला आणि वर पायावर पाय टाकला.

"काय होतंय, काका?"

"बसता येत नाही, डॉक्टरीणबाई."

डॉक्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "माझ्याकडे येणाऱ्यांत इतके ऐसपैस बसणारे तुम्हीच पहिले. पडला होतात? माकडहाडाला मार?"

"नाही."

"गळू? सूज, ताप?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक?"

"म्हणजे नाहीच."

"शौचाला दुखतं?"

"काचा टोचल्यासारखं. नंतर बराच वेळ आग." एवढं मात्र त्याने पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं. "आणि रक्त पडतं."

"लालभडक की काळपट?"

म्हातारा उठला. "आलोच हं." दाराबाहेर जाऊन तो फोनवर कुजबुजला आणि परत आला. "काळपट."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. खोटे दाखले, नशेच्या गोळ्या यांसाठी पढवून पाठवलेली माणसं तिने पाहिली होती. अशाच एका प्रकरणात शेजारच्या डॉक्टरचा परवाना गेला होता.

"दाखला हवाय?"

"छे हो!"

"मग कडक गोळ्या?"

"तुम्ही द्याल त्या. मूळव्याधच असणार, लिहून टाका."

"आडवे व्हा. तपासते."

"ते काही नको." म्हातारा भिंतीला टेकला. "नुसतं औषध द्या."

"लाजता कशाला? मी दिवसभर हेच बघते."

"तसं नाही, पण नको."

"मग ऐका. काळपट रक्त मूळव्याध म्हणून सोडून देत नाहीत. या वयात आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. खरोखर रक्त पडत असेल आणि तुम्ही टाळाटाळ केलीत, तर जीवावर बेतेल. आणि पडत नसेल, तर कुणी पाठवलं ते सांगा."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "कॅन्सर?" त्याने घाईघाईने पुन्हा फोन लावला.

डॉक्टरने उठून फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "द्या इकडे. तुम्हाला पढवणाऱ्याशी मीच बोलते. नंतर पोलीस बोलतील."

"अहो, नको! मी शब्द दिलाय!"

पलीकडे फोन उचलला गेला.

"कोण बोलतंय? नाव सांगा आधी."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोला की! आता का गप्प?"

"रागावू नकोस, बाळ," तिचे वडील म्हणाले. "औषध तुझ्याच हातचं हवं होतं. पण पोटच्या पोरीला कसं दाखवायचं?"