वीतभर उघडं दार

घंटी वाजली तसं बाथरूमच्या दारातून शाम्पूच्या फेसाने माखलेलं डोकं बाहेर आलं.

"काय झालं?" राणीसरकारांच्या आईने विचारलं.

"काही नाही ताई, मी बघते," शिकाऊ नर्स म्हणाली. डोकं आत गेलं. दार मात्र वीतभर उघडंच राहिलं.

राणीसरकार सहा वर्षांच्या. गळ्यात श्वासाची नळी, त्यामुळे आवाज नाही. हुकूम सगळे घंटीवर. नळीत कफ साठला की तो मशीनला जोडलेल्या बारीक नळीने ओढून काढायचा, नाहीतर जीव गुदमरायचा. हे काम शिकाऊ नर्सला घरी एकटीला जमतं का, याचीच आज परीक्षा होती. मागच्या खेपेला तिने ते याच घरात, तोंडातून ब्र न काढता, अगदी चोख केलं होतं. तरी नापास. "हात छान आहेत तुझे. पुन्हा ये," एवढंच परीक्षक बाई म्हणाल्या होत्या. आज पुन्हा तसंच झालं तर वर्ष वाया जाणार होतं. आणि बाई पलंगाकडे पाठ करून, बाथरूमसमोर खुर्ची टाकून, खुशाल पेपर वाचत होत्या.

तिने हात धुतले, हातमोजे चढवले. मशीन घरघरलं, तसा आतला पाण्याचा आवाज थांबला. आई ओल्या अंगाने दाराच्या फटीला कान लावून उभी असणार. परीक्षेत बोलणं चालत नसलं तर परीक्षा गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत, नजर नळीवरच ठेवत नर्स दारापर्यंत ऐकू जाईल अशी बोलायला लागली.

"ताई, कफ काढतेय. आला बघा, पांढराच आहे. ओठ छान गुलाबी आहेत. झालं, काढली मशीनची नळी बाहेर. आता राणीसरकार मला जीभ दाखवतायत."

आत कुणीतरी खुदकन हसलं. मग खट्ट असा आवाज झाला. मग पाणी पडायला लागलं, धो धो, आणि जरा वेळाने गुणगुणणंही ऐकू आलं.

बाईंनी पेपरची घडी केली. "पास."

"पण बाई, तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही."

"तुझे हात मागेच बघितले होते." बाईंनी ते हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. "फार उपकार झाले गं पोरी. राणीसरकारांना हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून आज पहिल्यांदा त्यांच्या आईने आतून कडी लावली."