कवितेतली सुरी

बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी बाबांना पोर्तुगीज कवितांचं इंग्रजी भाषांतर वाचून मराठीत सांगत बसले होते. कवितेतली आई भट्टीतून पाव काढते आणि लगेच सुरीने कापून मुलांना देते.

पीठ मळणारे बाबांचे हात थांबले. "भट्टीतला पाव सुरीने? लगदा होईल त्याचा! गरम पाव हातानेच मोडायचा असतो."

"बाबा, कवी स्वतः बेकरीवाल्याचा मुलगा होता."

"मग त्यानं असं लिहिलेलंच नाही. मधल्या कुणीतरी घोळ घातलाय."

मला हसू आलं, पण गप्प बसवेना. भाषांतर करणाऱ्या बाईंना मी ईमेल टाकला. आठवड्याने त्यांचं उत्तर आलं: "मूळ कवितेत सुरी नाहीच, ती माझ्या हातून शिरली."

नव्या आवृत्तीत बाबांचे आभार छापलेत. ते पान उघडं ठेवून पुस्तक आता काउंटरवरच असतं. काल पाव घ्यायला आलेल्या एका प्राध्यापकांनी ते वाचलं आणि चकित होऊन विचारलं, "तुम्हाला पोर्तुगीज येतं?"

"छे हो! मला इंग्रजीसुद्धा येत नाही," बाबा ताठ मानेने म्हणाले. "मला पाव येतो."