उष्टी हळद

“अरे, हळद काय मोज्यांना लावू?” असं म्हणत मालूआत्याने पाटावर बसलेल्या ओजसचे मोजे ओढून काढले आणि हातातलं आंब्याचं पान तसंच धरून ती थबकली. “अगंबाई! या नवरदेवाला आधीच कुणी हळद लावली गं?”

मांडवात हशा पिकला. ओजसही हसला. दुसरं करणार काय?

त्याच्याकडे गाजलेल्या बुटांच्या हुबेहूब नकलांचा संग्रह होता. नकलेचं दुखणं एकच, दोन वर्षांत पांढरा तळ पिवळा पडतो. म्हणून त्याने आत जिवंत अस्तर बसवून घेतलं. पायाच्या उबेवर जगणारे त्यातले जंतू तळाचा पिवळेपणा शोषून घेत. बूट बगळ्यासारखे शुभ्र राहिले. शोषलेला पिवळेपणा जातो कुठे, हे मात्र त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे कळलं, तेव्हा तो पिवळेपणा त्याच्या घोट्यापर्यंत चढला होता. लिंबू झालं, डाळीचं पीठ झालं. शेवटी त्याने बूट घालणंच सोडलं, तरी रंग आपला गुडघ्याकडे निघालेलाच.

हळद लावून झाली. “आता उष्टी हळद नवरीकडे पाठवा,” आत्या म्हणाली.

तेवढ्यात ऋजुताचा फोन आला. ओजसचे हात हळदीने माखले होते, म्हणून आत्यानेच फोन त्याच्या कानाला धरला. साखरपुड्याला त्याने ऋजुताला हौसेने आपल्यासारखाच बुटांचा जोड दिला होता, अस्तरासकट.

“ओजस, तुझी हळद अजून इकडे आली नाही ना?” तिने विचारलं. “मग माझे पाय पिवळे कसे?”