तिसरा चौकोन

छापून आलेला कागद कोंडाजीने दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःचं नाव शोधलं. नावापुढे चार खाडे होते.

"अकरा वर्सांत माजा येक खाडा न्हाई," तो म्हणाला. "लेकीच्या हळदीला बी सकाळची पाळी करून गेलो हुतो."

मुनीराने कागद हातात घेतला. भरे गावातल्या या पंपाच्या कारखान्यात हजेरीचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. आठ महिने लागले होते. आता देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने एक नवं साधन आणून बसवलं होतं. त्याच्या काही प्रश्नांची उत्तरं दिली की ते आपणच प्रोग्राम लिहून देत असे; हा कागद त्याच प्रोग्रामाने छापला होता. समाधानाच्या पत्रावर मुनीराची सही झाली, की तिचा जुना प्रोग्राम पुसायचा होता. त्यासाठी कंपनीचा माणूस टाय लावून येऊन बसला होता.

मुनीराने यादी खालपर्यंत पाहिली. एकशे चाळीस माणसं, आणि प्रत्येकाचे चार खाडे. सगळे गुरुवारचे.

"आमची सुटी गुरुवारी असते," ती म्हणाली. "त्या दिवशी या पट्ट्यात कारखान्यांना वीज नसते. रविवारी आम्ही कामावर असतो."

"साधन सुटी रविवारचीच धरतं," तो माणूस म्हणाला.

"ते कुठे बदलायचं?"

"ते आत आहे, मॅडम. आतलं आम्ही कुणाला दाखवत नाही. मुंबईला पत्र टाका, पुढच्या आवृत्तीत बघतील."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत तुम्ही सुटी रविवारी घ्या."

टेबलामागे बसलेले मॅनेजरसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"म्हंजी इळ्याची मूठ हातात बसंना, म्हून हात तासायचा व्हय?" कोंडाजीने विचारलं.

"मुनीराबाई, करून टाका सही," साहेब हळूच म्हणाले. "एवढी मोठी कंपनी आहे. वरून विचारणा झाली, तर तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही."

मुनीराने पेन उचललं.

"साहेब, माझ्याही प्रोग्रामात चुका होत्या. पहिल्या महिन्यात तर रोज एक निघायची. मी उघडून बघत होते आणि काढत होते. हे चुकलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे उघडतच नाही. ज्याच्या आत हात घालता येत नाही, त्याला मी अवजार म्हणणार नाही."

पत्रातल्या मजकुराखाली दोन चौकोन छापलेले होते. एकापुढे 'समाधानी', दुसऱ्यापुढे 'अत्यंत समाधानी'.

"यांतल्या एकात खूण करायची," कंपनीचा माणूस म्हणाला.

मुनीराने पट्टी घेतली. दोन्हींच्या खाली तिसरा चौकोन आखला, त्यापुढे 'नाही' असं लिहिलं, आणि चौकोनात सही केली.

"असं चालत नाही, मॅडम. हा चौकोन फॉर्ममध्ये नाही."

"आता आहे."

कोंडाजी पुढे वाकला. त्याने ती सही नीट पाहून घेतली.

"बाई, माजी सही बसंल का त्यात?"

मुनीराने दाराकडे पाहिलं. पहिली पाळी सुटली होती. आपापले खाडे विचारायला आलेली माणसं पायरीपर्यंत उभी होती.

तिने पट्टी पुन्हा कागदावर ठेवली आणि चौकोनाच्या दोन्ही उभ्या रेघा पानाच्या शेवटापर्यंत ओढल्या.